द्विशिक्षकी शाळेतले पहिले सत्र: नव्या शिक्षकाने तंत्रज्ञानाची सुरुवात कोठून करावी

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकाजवळ बहुधा दोन गोष्टी आधीच असतात: एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि खिशातला स्मार्टफोन. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात २००१ पासून चालू आहे आणि त्यातून फाइल जतन करणे, तक्ता करणे, पत्र टंकणे एवढे नक्की येते. परंतु तिसरी आणि चौथीचा जोडवर्ग एकाच खोलीत बसलेला असताना, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना आणि दुसरे शिक्षक तालुक्याला बैठकीस गेलेले असताना भिंतीवरचा टीव्ही लावावा की लावू नये, हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. हा लेख अशा शिक्षकासाठी, त्याच्या जून ते दिवाळी या पहिल्या सत्रापुरता लिहिला आहे. द्विशिक्षकी शाळेत काढलेली वर्षे आणि केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, सुलभक (प्रशिक्षण देणारी शिक्षिका) म्हणून केलेले थोडे काम, एवढ्याच आधारावर मी तो लिहीत आहे.

आपल्याकडे ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. त्याचा अर्थ मात्र अनेकदा ‘ज्याच्या फोनमध्ये सर्वांत जास्त ॲप आहेत तो’ असा घेतला जातो आणि नवा शिक्षक तेथेच फसतो. तो आधी साधन शिकतो आणि मग ते वापरता येईल असा पाठ शोधत बसतो. माझा आग्रह याच्या उलट आहे: आपल्या टाचणात, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या नोंदीत, खडू-फळ्यावर अडलेली जागा आधी शोधावी आणि त्या जागेपुरतेच साधन शिकावे.

कपाटापासून सुरुवात

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवण्याच्या आधी शाळेत काय आहे ते पाहावे. मुख्याध्यापकांकडून डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची, नोंदवही मागून घ्यावी आणि नोंदीप्रमाणे एकेक वस्तू प्रत्यक्ष चालू करून पाहावी. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतरच्या काळात गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब आले. त्यांतले काही आजही उत्तम चालतात, काही खोक्यातच राहिले, तर काहींची नोंद आहे पण वस्तू निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढण्याच्या, वाटेवर आहे. नोंदवहीत ‘संगणक संच १’ असे लिहिलेले असले तरी त्यातला माउस चालतो का, पॉवर केबल कोणी घरी नेली आहे का आणि यूपीएसची बॅटरी दोन मिनिटे तरी तग धरते का, हे हात लावल्याखेरीज कळत नाही. जे बंद आहे त्याची यादी करून ती मुख्याध्यापकांमार्फत शालेय व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. स्वतःच्या पगारातून दुरुस्ती करण्याचा मोह पहिल्या सत्रात तरी टाळावा, कारण वस्तू शाळेची असते आणि खर्चाची जबाबदारी एकदा अंगावर घेतली की ती कायमची अंगवळणी पडते.

विजेचा हिशेब याच वेळी करावा. शाळेत इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे काहीतरी लिहिलेले असते. या दोन आकड्यांचा गुणाकार १८०० वॅट-तास येतो, परंतु जुन्या बॅटरीकडून प्रत्यक्षात याच्या निम्मेच मिळतील असे धरून चालावे. दिव्याचा जुना प्रोजेक्टर साधारण २५० ते ३०० वॅट खातो, तर ४३ इंची एलईडी टीव्ही बहुधा १०० वॅटच्या आत भागवतो. म्हणजे त्याच बॅटरीवर प्रोजेक्टर तीन तास चालला तर टीव्ही नऊ तास चालेल. शिवाय पत्र्याच्या खोलीत भर दुपारी प्रोजेक्टरचे चित्र दिसावे म्हणून खिडक्यांना बारदान लावावे लागते आणि मग अंधारात मागच्या बाकावरची मुले आपला वेगळाच कार्यक्रम सुरू करतात. समितीने नवीन काही घेण्याबद्दल विचारलेच, तर मी टीव्हीच्या बाजूने मत देईन. प्रोजेक्टरच असेल तर एक पथ्य पाळावे: बंद केल्यानंतर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये, नाहीतर दिव्याचे आयुष्य घटते आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून समितीचे सदस्य पुन्हा बैठकीला येत नाहीत.

एक पाठ, एक अडलेली जागा

आता टाचण उघडावे आणि येत्या पंधरवड्यातील घटकांतून असा एकच निवडावा जो फळ्यावर नीट पोचत नाही. माझ्या बाबतीत तो घटक चंद्रकलांचा होता. फळ्यावर मी पंधरा वर्तुळे काढत असे, त्यांत कमीजास्त खडू भरत असे आणि मुले ती वर्तुळे वहीत हुबेहूब उतरवत असत. पण ‘चंद्र अर्धा का दिसतो?’ असे विचारले की ‘त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते’ हे चुकीचे उत्तर ठरलेले. ते मी शिकवलेले नव्हते, तरी येत होते.

म्हणून मी एक ॲनिमेशन दाखवले आणि चूक अधिकच घट्ट झाली. त्या चित्रफितीत सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत, जवळजवळ आणि सारख्याच आकाराचे काढलेले होते. तेव्हा पृथ्वी मध्ये येऊन सावली पाडते, याचा मुलांना जणू पुरावाच मिळाला. चित्रफीत वर्गात लावण्यापूर्वी मी ती पूर्ण पाहिली नव्हती, पहिले अर्धे मिनिट पाहून ‘छान आहे’ असे ठरवले होते.

पुढच्या वर्षी मी खोली थोडी अंधारी केली, फोनचा टॉर्च लावून तो एका टोकाला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चुना फासलेला मातीचा गोळा काडीवर खोचून एका मुलाच्या हातात दिला. त्याने हात लांब करून गोळा धरायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचे. गोळा टॉर्चच्या दिशेला असताना त्याच्याकडची बाजू काळी दिसते, ती अमावास्या. काटकोनात आला की अर्धा उजळतो, ती अष्टमी. आणि टॉर्चकडे पाठ केली की पूर्ण गोळा उजळतो, ती पौर्णिमा. पौर्णिमेला गोळा डोक्यापेक्षा थोडा वर धरावा लागतो, नाहीतर आपल्याच डोक्याची सावली त्यावर पडते. ती पडली की मुलांना ग्रहण न सांगता समजते, आणि अष्टमीला तर सावली कोठेच नव्हती हेही त्यांचे तेच बोलून दाखवतात. त्यानंतर मी तेच जुने ॲनिमेशन पुन्हा लावले आणि यात काय चुकले आहे ते शोधायला सांगितले. चौथीच्या मुलांनी तीन चुका काढल्या, त्यांतली एक माझ्याही लक्षात आलेली नव्हती.

या पाठात सर्वांत उपयोगी पडलेले तंत्रज्ञान म्हणजे फोनचा टॉर्च. नव्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात असा एकच पाठ करावा, तो झाल्यावर टाचणाच्या शेवटच्या रकान्यात ‘काय चालले, काय फसले’ याच्या दोन ओळी लिहाव्यात आणि मगच दुसऱ्या पाठाकडे वळावे.

जोडवर्गाची अडचण येथे स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण प्रशिक्षणात ती क्वचितच निघते. टीव्ही चौथीसाठी लावला तरी तिसरीची मुले मान वळवून तोच पाहतात आणि त्यांच्या पुढ्यातली उदाहरणे तशीच राहतात. यावर मला सापडलेले उपाय दोनच आहेत: दोन्ही इयत्तांना चालेल असा घटक निवडून सर्वांना एकत्र दाखवणे आणि नंतर प्रश्न वेगवेगळे देणे, किंवा एका इयत्तेला त्या वेळी व्हरांड्यात, मैदानात प्रत्यक्ष काम देणे. पडदा अडवून बसण्याची जागा बदलणे वगैरे करून पाहिले, चालत नाही.

नेटशिवायचा फोन

रेंज नसलेल्या पाड्यावर नेमणूक झाली म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही, कारण फोनमधले सर्वांत मोलाचे साधन नेटशिवाय चालते. ते म्हणजे आवाज नोंदवण्याची सोय. प्रत्येक मुलाने एक उतारा वाचावा, तो मिनिटभर नोंदवावा आणि लगेच त्या मुलालाच ऐकवावा. तिसरीतल्या एका मुलीचे वाचन ऐकून मी महिनाभर ‘दीर्घ उच्चार कर’ असे सांगत होते. तिने स्वतःचा आवाज ऐकला, पुस्तकावर बोट ठेवून पुन्हा ऐकला आणि म्हणाली, ‘‘बाई, मी वेलांटी खाल्ली की!’’ त्यानंतर तिला मी काही सांगितले नाही. जूनमधले ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि ऑक्टोबरात पुन्हा तोच उतारा नोंदवावा. पालकसभेत हे दोन्ही आवाज एकामागून एक ऐकवले की प्रगतिपत्रकातील श्रेणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही.

नोंदवलेल्या फाइलला मुलाचे पूर्ण नाव न देता हजेरीक्रमांक आणि तारीख द्यावी. त्यामुळे शोधणेही सोपे जाते आणि फोन हरवला तरी कोणाचे काही उघड होत नाही.

दीक्षा आणि पुस्तकातला चौकोन

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. ही कल्पना आपल्या राज्यात रुजवण्याचे मोठे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्याकडे जाते. त्यांनी ती आपल्या वर्गात आधी वापरून पाहिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा हा चौकोन जगभर चर्चेत आला. कोड दीक्षा या केंद्र सरकारच्या शैक्षणिक ॲपमधून स्कॅन केला की त्या घटकाशी जोडलेले साहित्य उघडते. दीक्षा हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाले. ॲप उघडल्यावर मंडळ, माध्यम आणि इयत्ता नीट निवडावी, कारण नव्या शिक्षकांची निम्मी तक्रार, म्हणजे ‘काहीच मराठीत दिसत नाही’, ही चुकीच्या मंडळामुळे असते. कोड फाटला किंवा पुसट झाला असेल तर त्याच्याखाली सहा अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो. तो हाताने टाकला तरी चालते.

वर्गात उभे राहून स्कॅन करू नये, एवढा एक नियम पाळावा. आदल्या रात्री घरी, जेथे रेंज आहे तेथे, साहित्य ॲपमध्ये उतरवून घ्यावे, शेवटपर्यंत पाहावे आणि किती सेकंदांपासून किती सेकंदांपर्यंतचा भाग दाखवायचा ते टाचणात लिहावे. सात मिनिटांच्या चित्रफितीतला कामाचा भाग बहुधा दीड मिनिटाचा असतो. पाठ्यपुस्तके सध्या पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलत असल्यामुळे साहित्य आपल्या हातातल्या आवृत्तीशी जुळते का, हेही याच वेळी कळते.

पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवरून विनामूल्य मिळतात, त्या फोनमध्ये ठेवाव्यात. विज्ञान आणि गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील आभासी प्रयोग मराठीतही आहेत आणि उतरवून नेटशिवाय चालवता येतात. विद्युत परिपथ आणि अपूर्णांक यांपासून सुरुवात करावी. पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर काही लावायचे असेल तर शाळा सुटल्यावर एकदा लावून पाहावे, कारण लॅपटॉपवर चालणारी फाइल टीव्हीवर आवाज देते आणि चित्र देत नाही, असे सर्रास घडते. तशा वेळी फाइलचा प्रकार बदलून घ्यावा लागतो.

मराठी टंकलेखन

या कामाला पहिल्या सत्रात रोज पंधरा मिनिटे द्यावीत. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच वाचली जाण्याची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो आणि परीक्षेच्या सकाळी तो निस्तरत बसावे लागते. म्हणून सुरुवातच युनिकोडने करावी. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन आठवड्यांत बोटे वळतात. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ अनेकांना सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी म्हणजे पायमोड, आणि मग य, असा तो येतो. फोनवर बोलून टंकण्याची सोय आता बरी आहे, तरी ऱ्हस्व-दीर्घ तपासल्याशिवाय ते लेखन मुलांपुढे ठेवू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सरावप्रश्न करून घेणाऱ्यांनाही हीच सूचना आहे: उत्तरसूची स्वतः सोडवून पाहावी आणि मुलांची नावे, गुण तेथे कधीही टाकू नयेत.

प्रशिक्षणाकडे कसे पाहावे

आपल्याकडील प्रशिक्षण राज्य, जिल्हा, तालुका आणि केंद्र अशा पायऱ्यांनी खाली येते आणि कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला जेवढे पाणी मिळते तेवढेच शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचते. हा दोष कोणा एका सुलभकाचा नाही. पुण्याला पाच दिवसांत जे दाखवले जाते ते केंद्रावर अडीच तासांत, बंद पडलेल्या साउंडसमोर, सांगावे लागते. निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाला आणि कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर ऑनलाइन आला. त्यामुळे पायऱ्या कमी झाल्या खऱ्या, पण चित्रफीत एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे पोषण आहाराची माहिती भरण्याची सोयही त्याबरोबर आली. ही सोय मीही वापरली आहे. प्रमाणपत्र मिळाले, लक्षात काही राहिले नाही.

नव्या शिक्षकाने केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना शाळेतलीच एखादी अडचण बरोबर न्यावी, शक्य असल्यास ते साधनच न्यावे. ‘हा टॅब चार्ज होतो पण चालू होत नाही’ असा प्रश्न घेऊन गेलेला शिक्षक चहाच्या वेळेत जे शिकतो ते पुढच्या सत्रातल्या व्याख्यानातून मिळत नाही. परिषद संपण्यापूर्वी शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाशी जोडी जमवावी आणि महिन्यातून एकदा परस्परांचा पाठ पाहावा. केंद्रप्रमुखांना आधी सांगितले तर बहुतेक जण परवानगी देतात. दाखवणाऱ्याने माउस आपल्या हातात ठेवू नये, एवढी अट घालावी. जो शिकतो आहे त्याचाच हात यंत्रावर असला पाहिजे, मग वेळ कितीही लागो. अनुभवी गुरुजींना शिकवताना तर हे फारच जपावे, कारण तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाच्या हातून नव्या मास्तराने माउस काढून घेतला की तो माणूस पुन्हा संगणकाजवळ येत नाही.

पोर्टलची कामे

यू-डायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), विद्यार्थी नोंदणी, पोषण आहार ही कामेही तंत्रज्ञानाच्याच नावाने येतात. पहिल्या सत्रात ती अध्यापनाचा वेळ खाऊन टाकतात, याबद्दल शिक्षकांची तक्रार रास्त आहे. ती टळत नाहीत. म्हणून त्यांना शाळेच्या वेळेबाहेरचा किंवा आठवड्यातला एक ठरावीक तास द्यावा. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो आणि त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव व शाळा यांचे संकेत क्रमाने येतात. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो पाठ करून ठेवावा, रोज लागतो. विद्यार्थ्याचे नाव दाखल-खारीज रजिस्टरात एक, आधारवर दुसरे, हा घोळ जूनमध्येच शोधून पालकांना सांगावा, कारण सप्टेंबरात दुरुस्तीच्या केंद्रावर रांगा लागतात. माझा एक धडा येथे नोंदवते: सर्व्हर रात्रीच चालतो म्हणून मी एकदा तालुक्यातल्या सायबर कॅफेत शाळेचा पासवर्ड देऊन माहिती भरून घेतली आणि दोन इयत्तांची पटसंख्या उलटी नोंदली गेली. ती दुरुस्त व्हायला डिसेंबर उजाडला. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या वहीत, कुलुपात असावा. तो कोणालाही फोनवर सांगू नये.

मुलांची छायाचित्रे आणि पालकांचा गट

वर्गात काही चांगले घडले की त्याचा फोटो गटावर टाकण्याची सवय आपल्या सर्वांना लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळीच साध्या मराठीत संमतिपत्र घ्यावे आणि संमती दिली नाही म्हणून मुलाला उपक्रमातून वगळू नये. पाठीमागून काढलेला, हातांचा किंवा वहीचा फोटो बहुतेक वेळा पुरतो. गणवेशाविना आलेले, रडणारे किंवा रांगेत ताट धरून उभे असलेले मूल कधीही टिपू नये.

पालकांच्या गटावर अभ्यास पाठवताना फोन कोणाजवळ असतो हे आधी विचारावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सकाळी दहाला अभ्यास पाठवत होतो आणि फोन बापाबरोबर मजुरीला गेलेला असे; तीन भावंडांत तो एकच फोन, तोही रात्री आठनंतर हाती यायचा. म्हणून आजही संदेश सायंकाळी सातनंतर पाठवावा, चित्रफितीऐवजी एक मिनिटाचा आवाज पाठवावा, कारण त्याला डेटा कमी लागतो, आणि तोच अभ्यास सकाळी फळ्यावरही लिहावा, म्हणजे ज्याच्या घरी फोन नाही त्याचे काही चुकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी

शाळेला कुलूप लागण्याच्या आदल्या दिवशी तासभर राखून ठेवावा. सर्व प्लग भिंतीतून काढावेत, कारण परतीच्या पावसात वीज कडाडली की नुसते बटण बंद असणे पुरत नाही. रिमोटमधले सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून रिमोटच्या पट्ट्या गंजतात. टॅब निम्मे चार्ज करून बंद करावेत. केबल जमिनीवर सोडू नयेत, पोषण आहाराचा तांदूळ शेजारच्याच खोलीत असतो आणि उंदरांना दोन्ही चालते. शेवटी टाचणवहीतले ‘काय चालले, काय फसले’चे रकाने एकदा वाचून दुसऱ्या सत्रातल्या एका अडलेल्या जागेवर खूण करावी आणि डेडस्टॉकच्या नोंदीखाली त्या दिवशीची स्थिती लिहून सही करून किल्ली मुख्याध्यापकांकडे द्यावी.